साडूंनी पाहिलेली लाइट

साडू या नात्याचा आपल्याकडं म्हणावा तसा विचार झालेला नाही. सासूवर नाटकं निघाली, सासऱ्यांवर किस्से झाले, मेहुणीचा विषय तर विनोदी लेखकांनी दिवाळी अंकांतून पार झिजवून टाकला. पण साडू मात्र ‘लग्नाच्या पंगतीत आपल्या शेजारच्या पाटावर बसलेला आणि आपल्याइतकाच अवघडलेला इसम’ एवढ्यावरच राहून गेला. वास्तविक साडू म्हणजे नियतीनं आपल्या संसाराला लावून ठेवलेली फूटपट्टी. त्याचा फ्लॅट किती चौरस फुटांचा, त्याच्या मुलाला पगार केवढा, त्याची उपाशीपोटी साखर किती, हे सगळं आपल्याला त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत कळतं. कळवणारी आणि ऐकणारी सख्ख्या बहिणी असल्यामुळं बातमी कधी शिळी होत नाही.

आमचे साडू सांगलीचे. सासुरवाडीही सांगलीचीच. म्हणजे त्यांची नेमणूक हेड ऑफिसला आणि माझी तालुक्याला, असं समजा. मी साताऱ्याचा. दोन गावांत अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, पण बोलण्याच्या तऱ्हेत ते बरंच जास्त आहे. सातारकर माणूस आनंदाची बातमीसुद्धा किल्ला शत्रूच्या हवाली केल्यासारखी सांगतो. सांगलीकराचं तसं नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हापासून त्या गावात कोणी नुसतं ‘पाऊस पडला’ म्हणत नाही. आधी पडदा वर जातो, मग पाऊस पडतो.

तर हे आमचे साडू फेब्रुवारी २०२५ मध्ये सपत्नीक नॉर्वेला जाऊन नॉर्दर्न लाइट्स बघून आले.

याला मराठीत ध्रुवीय प्रकाश असा भारदस्त शब्द आहे. पण टूरवाल्यांच्या पत्रकात तो नसल्यामुळं आमच्या घरात ‘लाइट’च रूढ झाला. सासूबाई सत्त्याऐंशी वर्षांच्या. त्यांना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “लाइट बघायला? एवढ्या लांब?” त्यांच्या अनुभवात लाइट ही गेल्यावरच लक्षात येणारी वस्तू. ती परत आली की वाड्यातली पोरं ‘आली, आली’ करून ओरडायची, एवढा उत्सव त्यांना माहीत होता. पण त्यासाठी कोणी विमानाचं तिकीट काढल्याचं त्यांनी ऐकलं नव्हतं.

प्रवासाहून आल्यावर पुढच्या रविवारी सांगलीला सगळ्यांना बोलावणं झालं. भेळ, कॉफी आणि टीव्हीवर फोटो. पहिला फोटो आला आणि खरं सांगतो, माझ्या हातातली भेळेची बशी तशीच राहिली. खाली बर्फ, मध्ये काळीभोर झाडं, आणि वर सबंध आकाशभर हिरवागार पडदा सोडलेला. साडू सोफ्याच्या मागं उभं राहून बोलत होते. “हिरवं म्हणजे काय हिरवं! लावणीच्या आधी भाताचं रोप असतं बघा, तसं! सगळं आकाश पेटलेलं! उणे पंधरा तापमान, पण थंडी कुणाला वाजतेय?” माझ्या मनात त्या क्षणी जे आलं त्याला सभ्य भाषेत कौतुक म्हणतात.

कॉफीचे कप आत ठेवायला गेलो तर मेहुणी ओट्याशी उभी. म्हटलं, “नशीबवान आहात बुवा.” ती जरा हसली. मग बाहेर बघून हळूच म्हणाली, “भाऊजी, एक सांगू? राखाडी होतं.”

“काय राखाडी होतं?”

“ते सगळं. हिरवं फोनमध्ये होतं.”

मग कपबशा विसळता विसळता तिनं जी हकिगत सांगितली ती अशी. ट्रॉम्सो नावाच्या गावी चार रात्री मुक्काम. हे गाव उत्तर ध्रुववृत्ताच्याही साडेतीनशे किलोमीटर वर, जवळजवळ सत्तर अक्षांशांवर. पहिल्या दोन रात्री नुसते ढग. टूरच्या कागदावर बारीक अक्षरात ‘लाइट्स दिसतीलच अशी हमी नाही’ असं लिहिलेलं असतं, ते साडूंनी पहिल्या रात्रीच भिंगातून वाचून काढलं. तिसऱ्या रात्री गाईडनं सगळ्यांना बसमध्ये घालून, निरभ्र आकाशाच्या शोधात, थेट फिनलंडच्या हद्दीकडं नेलं. अंगात भाड्याचे जाडजूड सूट. ते घालून माणूस चंद्रावर निघाल्यासारखा दिसतो आणि त्याला धड खालीही बसता येत नाही. बरोबर सांगलीहून नेलेलं भडंग. डिसेंबरात कृष्णेच्या घाटावर जाताना कानटोपी घालणारा माणूस बर्फात तीन तास उभा. साडेअकराच्या सुमाराला उत्तरेकडं एक पांढुरका पट्टा दिसायला लागला. साडूंनी वैतागून गाईडला विचारलं, “हा ढग कधी जाणार?”

गाईड म्हणाला, “हेच ते.”

बसभर शांतता. मग गाईडनंच सांगितलं, फोन रात्रीच्या मोडवर टाका, स्थिर धरा आणि तीन-चार सेकंद थांबा. कोणीतरी तसं केलं आणि किंकाळी फुटली. पडद्यावर हिरवंगार! तिथून पुढं चाळीस माणसं, चाळीस फोन. मेहुणीच्या फोनची बॅटरी थंडीनं बसली होती, म्हणून ती एकटी वर बघत राहिली.

त्या रात्रीपासून एक प्रश्न माझ्या डोक्यात बसला तो बसलाच. साडू खोटं बोलले का?

साताऱ्याला आम्ही काही रिकामटेकडे सकाळी चार भिंतीवर फिरायला जातो. चढ असल्यामुळं जाताना कोणी बोलत नाही, ती कसर वर पोचल्यावर भरून काढतात. आमच्यात एक निवृत्त वकील आहेत आणि एक निवृत्त फिजिक्सचे मास्तर आहेत. मी प्रश्न टाकला. वकीलसाहेबांनी दम खाऊन लगेच निकाल दिला. “साक्षीदारानं जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगायचं. राखाडी पाहिलं तर राखाडी. नंतर कळलेलं हिरवं मिसळलंत की साक्ष बाद.”

मास्तर म्हणाले, “पण ते खरोखर हिरवंच होतं की हो!”

आणि त्यांनी तिथल्या तिथं वर्ग घेतला. सूर्याकडून विजेचे भारित कण सुटतात. पृथ्वीचं चुंबकत्व त्यांना ध्रुवांच्या बाजूला वळवतं. तिथं वरच्या हवेतल्या ऑक्सिजनच्या अणूंना धक्के बसतात आणि घेतलेली ऊर्जा ते अणू प्रकाशाच्या रूपात परत टाकतात. शंभर-दीडशे किलोमीटरवर हिरवी, दोनशेच्या वर तांबडी. हिरवा रंग द्यायला अणूला पाऊण सेकंद लागतो, पण तांबड्यासाठी तो जवळजवळ दोन मिनिटं थांबतो, आणि तेवढ्यात शेजाऱ्याचा धक्का लागला तर रंग गेलाच. म्हणून तांबडा फक्त उंचावर, जिथं शेजार विरळ. (हे ऐकून आमच्या सोसायटीतल्या बऱ्याच गोष्टींचा मला उलगडा झाला.) राहिला डोळा. डोळ्यात दोन तऱ्हेच्या पेशी. शंकूसारख्या असतात त्या रंग ओळखतात, पण त्यांना भरपूर उजेड लागतो. दांड्यासारख्या असतात त्या अंधारात काम करतात, पण त्यांना रंग कळत नाही. प्रकाश जोरदार असेल तर नुसत्या डोळ्यांनाही हिरवा दिसतो, कडेला गुलाबी झाकसुद्धा दिसते. मंद असेल तर राखाडी. फोनचा कॅमेरा काही सेकंद प्रकाश साठवत बसतो, म्हणून त्याला रंग मिळतो.

“म्हणजे डोळ्यानंच खोटी साक्ष दिली म्हणा!” वकीलसाहेब.

“खोटी नाही, अपुरी. अहो, रात्री लाइट गेलीय आणि वहिनी हिरवी साडी नेसल्यात. अंधारात तुम्हाला राखाडी दिसली. दुसऱ्या दिवशी कोणी विचारलं, तर काय सांगाल, राखाडी साडी नेसली होती म्हणून?”

वकीलसाहेब म्हणाले, “साडीच्या बाबतीत मी साक्ष देत नाही.”

खटला तिथंच तहकूब झाला. मला मात्र दोघांचंही पटत होतं, आणि दोघांचं पटलं की प्रश्न सुटत नाही असा माझा अनुभव आहे.

आता थोडं मागं जाऊ. मुंबईच्या आकाशातही हा प्रकाश एकदा दिसलाय. थाप नाही. ४ फेब्रुवारी १८७२, वार रविवार. सूर्यावर असं काही तुफान झालं की मुंबईत, एडनला, पार सुदानातल्या खार्टूमपर्यंत हा प्रकाश लोकांनी पाहिला. मुंबई-एडन समुद्री तारेवरही त्याचा परिणाम झाला. मुंबईच्या वर्तमानपत्रात त्याची बातमी आली. इतक्या दक्षिणेला दिसतो तो बहुधा तांबडा, क्षितिजालगतचा. त्या रात्री साताऱ्याच्या एखाद्या गाडीवानानं उत्तरेला बघून आभाळ लाल दिसलं असतं, तर तो काय म्हणाला असता? ‘वाईकडच्या डोंगराला वणवा लागलाय.’ महिनाही वणव्याचाच. मग तो बैलांना हाकत घरी येऊन झोपला असता.

त्याला हसायचं कारण नाही. रोमच्या टायबेरियस बादशहाच्या काळात असाच लाल उजेड दिसला, तेव्हा ऑस्टिया शहर पेटलं समजून सैन्याच्या तुकड्या आग विझवायला धावल्या, असं सेनेकानं लिहून ठेवलंय. १८५९ सालच्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या रॉकी डोंगरात खाणकामगार मध्यरात्री उठून न्याहारी करायला लागले, पहाट झाली म्हणून. त्याच वादळाची नोंद आमच्या मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतल्या चुंबकीय उपकरणांवर झाली, आणि ती आजही जगभरचे शास्त्रज्ञ काढून बघतात. (पुढं मुंबईत विजेच्या ट्रामची योजना आली. तिच्यानं उपकरणं बिघडतील म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागला हलवलं. मुंबईच्या गर्दीतून बाहेर पडून अलिबागला जाण्याची प्रथा तेव्हापासूनची दिसते.)

तर बघा, त्या खाणकामगारांनी डोळाभर पाहिलं, पण आपण काय पाहतोय हे त्यांना कळलं नाही. आमच्या साडूंना आपण काय पाहतोय हे अणूपर्यंत ठाऊक, पण पाहिलं फोननं. मे २०२४ मध्ये मोठं सौर वादळ झालं, तेव्हा लडाखमधल्या हानले इथल्या वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी आकाशातली लाली टिपली. ते फोटो मी साताऱ्यात पलंगावर पडून पाहिले. मग मीही ‘पाहिला’ म्हणायचं का? आणि नसेल म्हणायचं, तर साडूंनी तसं म्हणण्यासाठी माझ्याहून जास्त काय केलं? थंडीत उभे राहिले, हे खरं. पण थंडीत उभं राहणं म्हणजे पाहणं असतं, तर रात्रपाळीच्या वॉचमनइतकं कोणीच पाहिलेलं नाही.

माझी तक्रार साडूंच्या हिरव्याबद्दल नाहीच. त्यांच्याजवळचं राखाडी कुठं गेलं, ही आहे. ‘हा ढग कधी जाणार’ असं विचारण्याआधी ते निदान पंधरा मिनिटं त्या पट्ट्याकडं बघत होते. ती पंधरा मिनिटं आता त्यांना आठवतच नाहीत. मेहुणीला मात्र विचारा. ती सांगते, “भाऊजी, दोरीवर धोतर वाळत घातलंय आणि ते वाऱ्यानं हलतंय, तसं. पण वारा नाही. आवाज नाही. एका टोकाला हललं की ते हलणं या टोकापर्यंत पळत यायचं. मला वाटलं, आपल्याला कोणीतरी काहीतरी सांगतंय आणि आपण बहिरे आहोत.” एकाही फोटोत हे हलणं नाही. एकाच संसारात रंग नवऱ्याकडं आणि हालचाल बायकोकडं, अशी वाटणी झालेली मी प्रथमच पाहिली.

आता सासूबाईंचं सांगायचं राहिलं. त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग वयोमानानं निकामी झालाय. कडेकडेचं दिसतं, पण समोर बघावं तर तिथंच करडा डाग. आमचे चेहरे त्यांना दिसत नाहीत, आवाजावरून ओळखतात. त्या रविवारीही त्या टीव्हीसमोर, सगळ्यांच्या समाधानासाठी, तोंड तिकडं करून बसल्या होत्या. साडूंनी त्यांना मुद्दाम जवळ बसून सगळं हिरवं वर्णन केलं. त्या “बरं” म्हणाल्या. मला यात गैर काही वाटलं नाही. ज्याला दिसत नाही त्याला द्यायचं तर भरल्या ओंजळीनं द्यावं, हात का आखडायचा, असंच मला वाटत होतं.

रात्री मेहुणी त्यांच्या तळपायांना तेल लावत बसली होती. सासूबाईंनी विचारलं, “तू सांग की गं. तुला कसं दिसलं?”

माझ्या पोटात गोळा आला. एवढे पैसे खर्चून लेक राखाडी बघून आली, हे त्या माउलीला कशाला सांगायचं? पण मेहुणीनं सांगितलं. राखाडी, धुरकट, कडेला हिरवट वाटलं न वाटलं असं.

सासूबाई एकदम उठूनच बसल्या. “म्हणजे मला दिसतं तसंच की!”

आणि मग त्यांचे प्रश्न सुरू झाले. केवढं होतं? आपल्या वाड्याएवढं की अख्ख्या सांगलीएवढं? डोक्यावर आलं की लांबच राहिलं? भीती वाटली का? चांदण्या त्याच्यातून दिसत होत्या का? पाय गारठले असतील ना गं? हिरव्याला त्यांनी एक ‘बरं’ दिलं होतं. राखाडीवर दीड तास बोलत होत्या.

हे साडूंच्या कानावर गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं घाटावर गेलो, तेव्हा पडदाबिडदा काही वर न जाता ते म्हणाले, “राव, मी खोटं नाही बोललो. डोळे मिटले की मला हिरवंच दिसतं.” जरा वेळानं म्हणाले, “आता वय अडुसष्ट. परत काही जाणं होत नाही. मग हिरवं राहिलं तर बिघडलं कुठं?” मला उत्तर सुचलं नाही. कृष्णेच्या पाण्याकडं बघत दोघं उभे राहिलो. इतकी वर्षं माणूस शेजारच्या पाटावर बसतोय, पण त्याच्याविषयी मला पहिल्यांदाच जवळीक वाटली.

सप्टेंबरात सगळी मंडळी साताऱ्याला आली तेव्हा कासला जायचं ठरलं. आमच्या गावापासून पंचवीस किलोमीटरवर हे पठार. समुद्रसपाटीपासून १,२०० मीटर उंच, २०१२ पासून पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत. पण कासचंही दुखणं ट्रॉम्सोसारखंच. लोक फोटो बघून येतात. फोटो काढणारा जमिनीवर आडवा पडून काढतो, म्हणून फुलांचा गालिचा क्षितिजापर्यंत जातो. उभ्यानं बघणाऱ्याला खडक, गवत, धुकं आणि मधूनमधून रंगाची पुसट छटा. दर शनिवारी-रविवारी कोणीतरी कमरेवर हात ठेवून ‘एवढंच?’ म्हणतं, आणि आम्हा सातारकरांना आपलीच काही चूक झाल्यासारखं वाटतं. कारवीच्या एका जातीला तर सात वर्षांनी एकदा फूल येतं. मधल्या सहा वर्षांत आलेल्यांना काय दाखवायचं? कासची फुलं बघायची तर गुडघ्यावर बसावं लागतं. सीतेची आसवं करंगळीच्या नखाएवढी, आणि नाव इतकं करुण असून ती मुळाशी बारीक किडे पकडून खातात.

सासूबाईंना घडीच्या खुर्चीवर बसवलं. फूल तोडून हातात द्यावं तर तोडायला बंदी, रखवालदार शिट्टी घेऊन उभाच. साडूंनी सवयीनं फोन काढला आणि सांगायला सुरुवात केली, “आई, सगळं पठार म्हणजे नुसता—”

“त्यात बघून नको,” सासूबाई म्हणाल्या. “खाली बसा आणि तिथलं सांगा.”

साडूंच्या गुडघ्यांचा आवाज मला दहा फुटांवर आला. पण ते बसले. “पांढरं आहे,” ते म्हणाले. “गेंद म्हणतात वाटतं. काडीवर एकेक. शर्टाच्या बटणाएवढं.”

“बटणाएवढं?”

“हो. पुष्कळ आहेत. शेकड्यानं.”

“सगळी सारखीच पांढरी?”

साडू पुढं वाकले, चष्मा कपाळावर सरकवला, आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मागं रखवालदार, ओळीत उभी असलेली माणसं, कोणीतरी सेल्फीसाठी ‘काका, जरा बाजूला’ म्हणणारं.

“थांबा हं, आई,” ते म्हणाले, “मोजून सांगतो.”